आत्याचे धवळे

गव्हाणची भामाआत्या लग्नात धवळे गायची. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज जाणार हे कळल्यावर तिने सगळे धवळे भाचीला, निशाला, मेमरी कार्डवर भरून दिले. आज निशाच्याच हळदीला स्पीकर ते कार्ड वाचेना.

साऊंडवाला शिवा म्हणाला, "कार्ड एक्सफॅटचा हाय. माजा जुना स्पीकर फॅट थर्टीटूच वाचतं. फॉरमॅट केला तर चालंल, पन आतलं सगलं पुसलं जाईल."

"नको," निशा म्हणाली. धवळे आधी उतरवून घेता यावेत म्हणून भाऊ लॅपटॉप आणायला पनवेलला धावला. हळद थांबली. निशाला बसवेना, उभंही राहवेना.

शेवटी आत्या बायकांसमोर बसली आणि आवाजाविना ओठ हलवू लागली. ओठांकडे बघत एकीने ओळ उचलली, मग दुसरीने. आपल्यालाही सगळे शब्द येतात, हे निशाला गाताना कळलं.