टोपल्यांच्या खोलीत

खोलीत बावीस मुलं होती आणि कामट्यांच्या सरसर आवाजाखेरीज चकार शब्द नव्हता. चौतीस वर्षं शाळेत घालवलेल्या बाईंना ते काही बरं वाटेना. एवढी मुलं एका जागी, आणि एकही शेजारच्याला चिमटा काढत नाही?

सहलीतले बाकीचे प्रवासी आश्रमातल्या टोपल्या विकत घेऊन केव्हाच बसमध्ये जाऊन बसले होते. बाई मागे रेंगाळल्या.

"सगळीच अनाथ?"

"सगळीच." व्यवस्थापक हसऱ्या तोंडाचा, गोड बोलणारा. "बांबूचं विणकाम ही इकडची जुनी कला, मॅडम. आता या पोरांच्याच हातात टिकून आहे." तो मुलांकडे वळला. "आपलं कोण आहे रे बाळांनो?"

"पाहुणेच आमचे आईबाप," बावीस तोंडांतून एका सुरात आलं. हात थांबले नाहीत. मान कुणी वर केली नाही.

तेवढ्यात खिडकीपाशी बसलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलीच्या हातातली सुरी सटकली.

"आई गं!"

साधी ठेच लागली असती तर बाईसुद्धा हेच ओरडल्या असत्या. पण स्वयंपाकघरात धाडकन पातेलं पडलं आणि पिठाने माखलेल्या हातांची एक स्वयंपाकीण धावत खोलीच्या मध्यापर्यंत आली. तिथेच थबकली. मागे दारात आणखी चौघी येऊन उभ्या राहिल्या होत्या. प्रत्येकीची नजर वेगळ्या मुलावर. मुलांच्या माना आणखी खाली गेल्या.

"आमच्या मावशी," व्यवस्थापक म्हणाला. "फार जीव लावतात. जा मावशी, दूध उतू जाईल."

पाठ न फिरवता, एक एक पाऊल मागे घेत ती स्वयंपाकीण दाराआड गेली. व्यवस्थापक औषधाची पेटी आणायला कचेरीकडे वळला.

मुलगी रडली नव्हती. बोटातलं रक्त कामटीवर टपटपत होतं आणि दुसऱ्या हाताने ती विणतच होती. बाईंनी खाली बसून तिच्या बोटाला आपला रुमाल बांधला. मग तिच्या कानाशी वाकल्या.

"तुला आई आहे का गं?"

मुलीने दाराकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पाहुणे गेले की असते."

बाई उठल्या. चपला हातात घेऊन, तशाच अनवाणी, अंगण ओलांडून जवळजवळ पळतच फाटकाबाहेर आल्या. समोर दुसरी बस येऊन थांबली होती आणि तिच्यातून माणसं उतरत होती. बाईंनी फाटक ओढून घेतलं, कडी लावली.

"अहो बाई, आम्हाला आत जायचंय," सगळ्यांत पुढचे आजोबा म्हणाले.

"पाच मिनिटं थांबा."

"का? आत काय चाललंय?"

 मागे, आतून, रडणं ऐकू आलं. आधी एकाच मुलीचं, चांगलं भोकाड पसरून. मग आणखी एक आवाज. मग सगळी खोलीच रडायला लागली.

बाईंनी फाटकाला पाठ टेकली आणि दोन्ही हात पसरले.