कुंताबाईचा वजीर

कामठ्यात कुंताबाई रहांगडाले यांची शोकसभा सुरू होती. खुल्या गटातली जिल्हा बुद्धिबळ स्पर्धा जिंकणारी ती पहिली बाई. यंदापासून त्या स्पर्धेला तिचं नाव द्यायचं असं ठरत होतं, तेवढ्यात हेमेंद्र पटले उठले. अंतिम फेरीत तिच्याकडून हरले होते ते हेच.

"कायचं नाव देऊन राहिले? तिचा वजीर माझ्या हत्तीसमोर उघडा होता. बाईमाणसाचा वजीर कायले माराचा, म्हणून मी सोडला. दया केली म्हणून जिंकली."

कुंताबाईची मुलगी योगेश्वरी हिने बुद्धिबळाचा पट आणून टेबलावर आपटला.

"मांडा तो डाव, काका."

पटल्यांनी सोंगट्या मांडल्या. एकदाही अडले नाहीत.

"आता बाई मेली. आता दया कोणावर करता? मारा तिचा वजीर."

पटल्यांचा हात हत्तीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"मारा ना! भेव लागून राहिला का?"

"वजीर मारला का माझा हत्ती जागचा हलते," पटले खेकसले, "अन् तिचा घोडा आत येऊन मात करते. अक्कल आहे का तुले, पोरी?"

"मंग दया कायची? मात दिसली म्हणून नाही मारला, असं म्हणा."

"तवा दिसली कुठं?" पटले ओरडले. "मारल्यावर दिसली!"