दुसरी बोअर

गव्हाण गावात चंद्रावतीच्या थोरल्या जावेने, हिराबाईने, बँकेच्या कर्जावर परसात बोअर मारली. बटण दाबताच पाणी उसळायला लागलं, आणि चंद्रावतीच्या घशाखाली घास उतरेना.

"ती बटन दाबते नि मी अजून विहिरीवर दोरी वढतंय," म्हणत तिने नवऱ्याचं डोकं खाल्लं. शेवटी काशीरामने पनवेलला जाऊन कर्ज काढलं.

"त्यांच्यापेक्षा खोल मारायची," तिने बजावलं.

"अगो, खाडी जवळ हाय. खारं पानी वर येल."

"त्यांना नाय आलं ते?"

बोअरला पाणी लागलं. जावेची मिरची डवरली की चंद्रावती आणखी दोन वाफे वाढवायची. दोन्ही पंप दिवसभर ईर्ष्येने चालायचे.

तिसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी चंद्रावतीने बोअरच्या पाण्याचा घोट घेतला आणि थुंकला. विहिरीचं पाणी चाखलं, तेही खारट. ती तशीच धावत जावेकडे गेली.

"वयनी, तुमचं पानी कसं हाय?"

हिराबाईने डोळ्यांना पदर लावला. "खारं झालं गो. मिरची करपली. आता पोरांनी प्यायचं काय?"

चंद्रावती तिच्याजवळ टेकली, पाठीवरून हात फिरवू लागली. कित्येक महिन्यांत तिला एवढं बरं वाटलं नव्हतं.