पुढे ढकललेला प्रसंग

इतिहासाच्या बाईंनी वर्गाचे पडदे ओढले आणि नववीला दरवर्षी दाखवतात तो सिनेमा लावला. सरकारनं एका जमातीची मुलं आयांच्या कुशीतून ओढून वसतिगृहात कशी कोंडली, त्याचा. मुलांना न्यायला ट्रक आला, तसं बाईंचं बोट सवयीनं रिमोटवर गेलं आणि तेवढा प्रसंग भुर्रकन पुढे पळाला.

"बाई, तेवढंच का गाळलं?" वर्ग जिला वकीलबाई म्हणायचा, ती उठली.

"बघवत नाही गं ते. तुम्ही अजून लहान आहात."

"ज्यांना ट्रकमध्ये कोंबलं, ती तर आमच्याहून लहान होती."

बाईंनी सिनेमा मागे नेला. पण ट्रक पुन्हा दिसताच, नीटच असलेला पडदा नीट करायला त्या खिडकीकडे वळल्या. इतक्या वर्षांत तो प्रसंग त्यांनी स्वतःही कधी पुरता पाहिला नव्हता.

वकीलबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही. तिनं टेबलावरचा रिमोट घेऊन सिनेमा थांबवला आणि आपल्या बाकावर सरकून जागा केली.

"बाई, इथे बसा. नाहीच बघवलं, तर माझा हात धरा."