देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव

रकाना एक ते सहा : निरंक.

हे सहा निरंक अच्युत मोघ्यांनी एका दमात लिहिले. कृषी खात्यात उपसंचालक होते. पंचवीस वर्षांत दिल्लीच्या कुठल्याही कागदाला त्यांनी दुसरं उत्तर दिलं नव्हतं, आणि दिल्लीनंही कधी पुन्हा विचारलं नव्हतं. सातव्या रकान्यावर मात्र गंधालीनं हात ठेवला. ती त्यांची सहायक, नोकरीला दोन वर्षं झालेली.

"हा नाही, सर."

रकाना सात : कलम अकरास राज्याची हरकत आहे काय? असल्यास आज सायंकाळी पाचपर्यंत कळवावे. न कळवल्यास हरकत नाही असे समजण्यात येईल.

फॅक्स तीनला आला होता. परदेशांशी मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी चालल्या होत्या आणि समोरच्यांनी मागितलेल्या सवलतींची यादी सव्वीस पानांची होती. त्यातलं कलम अकरा एवढंच : कंपनीच्या नोंदलेल्या वाणाचं बी शेतकऱ्यानं घरी राखावं, पेरावं, दुसऱ्याला देऊ नये. फुकटही नाही.

मोघ्यांचं म्हणणं, देतो कोण कोणाला?

पाण्याचे ग्लास घेऊन आलेली सुकवारो दारातच थांबली. ती कार्यालयातली शिपाई, रोज गावाहून बसनं येणारी. अक्ती, म्हणजे अक्षय तृतीया, तर परवाच झाली की, ती म्हणाली. त्या दिवशी घराघरातून पळसाच्या पानांच्या दोन्यात धान येतं. गावदेव ठाकुरदेवापुढं बैगा, गावचा पुजारी, ते सगळं एका ढिगात ओततो, कालवतो आणि मूठमूठ परत वाटतो. ती मूठ घरच्या बियाण्यात पडल्याशिवाय पेरणी नाही. ढिगात आजोबाच्या वेळचं धान असतं, तसं दुकानातल्या कंपनीच्या पिशवीतून वाढवलेलंही.

सात, पहिला प्रयत्न : ही येथील प्राचीन परंपरा असून

मोघ्यांनी खोडलं.

सात, दुसरा प्रयत्न : शेतकऱ्यांच्या भावना लक्षात घेता

गंधालीनं स्वतःच खोडलं.

शेवटी दिल्लीला फोन लावला. तिकडचा अधिकारी फार गोड बोलला. भावना नकोत, उदाहरण द्या, म्हणाला. सोबत प्रपत्र ब आहेच.

प्रपत्र ब :
देणाऱ्याचे नाव :
घेणाऱ्याचे नाव :

गंधालीनं सुकवारोला विचारलं, तुझं धान कुणाकडे गेलं?

सुकवारो हसली. "काकर धान काकर घर गिस, कोन जानही दीदी? बइगा सब्बो ल मिंझार देथे."

"झालं," मोघे म्हणाले. "कोणाचं कोणाकडे गेलं, तिलेच माहीत नाही. लिही निरंक."

"तुम्ही काहून इतकी घाई करून राहिले?"

"घाई मी करून राहिलो? दिल्लीनं दोन तास दिले, त्यातला एक तू खोडण्यात घालवला."

देणाऱ्याचे नाव : संपूर्ण गाव.
घेणाऱ्याचे नाव : संपूर्ण गाव.

हे फॅक्सनं गेलं आणि सात मिनिटांत फोन आला. दोन्हीकडे पक्ष एकच दिसतो, म्हणजे देवाणघेवाण झालेली नाही. देवाणघेवाण नाही, तर हरकतीचा प्रश्न नाही. मोघ्यांनी रिसीव्हरवर तळहात दाबला.

"विचारून राहिले, निरंक समजू का."

मोघ्यांनी गंधालीकडे पाहिलं. मग फोनवर इतकंच म्हणाले की अजून पाच वाजलेले नाहीत, आणि रिसीव्हर आपटला.

"समजू का म्हणे," ते पुटपुटले. "आमचं उत्तरही हेच लोक लिहिणार."

गंधालीनं कोरे कागद पुढे ओढले. "सुकवारो, नावं सांग. सगळी."

सुकवारो डोळे मिटून गावातल्या एकेका पाऱ्यातून, वस्तीतून, मनानं चालत गेली. बिसाहू. मनटोरा. फिरतू. दुकालू. तळ्याकडची दोन घरं राहिली म्हणून मागे वळली. रमौतीन. तिहारू. मग एका दाराशी अडली. ते तिच्या मोठ्या दिराचं घर, आणि दिराचं नाव ती तोंडानं कसं घेणार? बराच वेळ पदराशी चाळा करून म्हणाली, मनहरनचे वडील. पुढचं घर तिचं स्वतःचं. तिथं नवऱ्याचं नाव. तेही नाही. बिरझूचे वडील.

गंधालीनं तसंच लिहिलं आणि मोघ्यांकडे पाहिलं. त्यांनी खोडलं नाही.

सत्तावन्न नावं झाली. घेणाऱ्याच्या रकान्यात गंधालीनं 'वरीलप्रमाणे' लिहायला घेतलं, तसा मोघ्यांनी कागदच ओढून घेतला.

"वरीलप्रमाणे नको. त्याचंही निरंक करतील हे लोक. लिहायची तर सगळी लिहू."

आणि चष्मा कपाळावर सारून ते स्वतः लिहू लागले. बिसाहू. मनटोरा. फिरतू. हस्ताक्षर वाकडं झालं, कूलर नुसताच गरम वारा फेकत होता, रमौतीनला एक वेलांटी कमी पडली. गंधाली पानाला पान डिंकानं जोडत गेली. पाचला सहा मिनिटं असताना तो लांबलचक कागद यंत्रात घातला. यंत्र कण्हलं, थांबलं, पुन्हा ओढू लागलं.

शेजारचा दुसरा फोन वाजला. मोघ्यांनी उचलला. दिल्लीचा तोच गोड आवाज, आता जरा वैतागलेला.

"सर, वही नाम दोबारा आ रहे हैं. आपकी मशीन अटक गई है क्या?"

"मशीन ठीक है," मोघे म्हणाले. "अभी आधा गाँव बाकी है."