पेटलेली गाडी

सात रस्त्याच्या वळणावर पांढरी गाडी दुभाजकावर धडकली आणि तिच्या बॉनेटमधून जाळ उठला. गैबीसाबनं कचकन स्कूटर थांबवली. मागं बसलेली त्याची सून फिरदोस केव्हा उतरून पळाली, ते त्याला कळलंच नाही.

"फिरदोस! मागं ये! टाकी फुटंल!"

माणसं लांब उभी राहून ओरडत होती. काहींनी मोबाईल वर धरले होते. फुटपाथच्या कामासाठी रचलेल्या ढिगातला एक पेव्हर ब्लॉक फिरदोसनं उचलला आणि गाडीच्या मागच्या दाराच्या काचेवर हाणला. काचेला काही झालं नाही. तिनं पुन्हा हाणला, मग दात आवळून आणखी एकदा. काच खळकन खाली आली. आत हात घालून तिनं दार उघडलं आणि धुरात खोकणाऱ्या म्हातारीला काखेत धरून बाहेर ओढलं. एक फळवाला पुढं झाला. तो तिला बाजूला न्यायला लागला, तर म्हातारी त्याच्या हाताला हिसडे द्यायला लागली.

"माझा मल्लू आत हाय! गाडी त्योच चालवत हुता!"

मल्लूचं डोकं स्टिअरिंगवर पडलं होतं. जाळ आता समोरच्या काचेला लागला होता. फिरदोस पुन्हा मागच्या दारातून आत शिरली. बाहेरून गैबीसाबला फक्त तिच्या चपला दिसत होत्या. पोराला काय सांगू, एवढंच त्याच्या मनात आलं. पाय जागचे हलेनात.

"अब्बा!" आतून तिचा घोगरा आवाज आला. "पट्टा निकला! इधर आव, हात लगाव!"

गैबीसाब धावला. तिनं आतून कडी काढली, त्यानं पुढचं दार ओढलं. तळहाताला चटका बसला तरी सोडलं नाही. तिनं आतून ढकललं, त्यानं बाहेरून खेचलं, आणि तो धिप्पाड माणूस दोघांच्या अंगावरच आला. त्याला फरफटत ते फळांच्या गाड्यापर्यंत नेतात, तोवर पुढच्या सीटनं पेट घेतला.

आग विझली तेव्हा फिरदोस फुटपाथवर बसली होती. ॲम्ब्युलन्समधली नर्स तिच्या हाताला मलम लावत होती. मल्लूनं डोळे उघडले होते. म्हातारी मात्र फिरदोसचं तोंड दोन्ही हातांत धरून तिच्याकडं नुसती बघत होती.

हवालदार गैबीसाबपाशी आला.

"चाचा, तुमी सगळं बघितलंय न्हवं? नाव सांगा."

"फिरदोसचा सासरा."

"तसं न्हाय ओ. तुमचं सोताचं नाव इचारतोय."

गैबीसाबनं डोक्यावरची टोपी नीट बसवली.

"त्येच सांगितलं की. तसंच लिवा."