इंजिनाला हात

"सर, इंजिनाला हात कधी लावायचा?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून घिवलीच्या वैभवीने भर ऑनलाइन वर्गात विचारूनच टाकलं. शाळेतला बोटीच्या इंजिन-दुरुस्तीचा कोर्स संपत आला, तरी पाना अजून पडद्यावरच दिसत होता. सर हसले. "अगं, त्यासाठीच तर बोईसरला प्रत्यक्ष प्रशिक्षण आहे!"

इकडे तिच्या बापाने, महादूने, बोटीचं बिघडलेलं इंजिन ओटीवर आणून ठेवलं होतं. मेकॅनिक आपणहून आला, तर त्यालाही त्याने वाटेला लावलं. "नारली पुनवेला बोट दर्यात जानार, नि इंजिन माजी पोरगीच चालू करनार," असं तो अख्ख्या कोळीवाड्याला सांगत सुटला होता.

बोईसरच्या वर्कशॉपात वैभवी बाह्या सरसावूनच शिरली. तिथल्या साहेबांनी तिच्या हातात मोबाइलचा स्टँड दिला. "इंजिन महागाचं आहे, लांबूनच बघायचं. तू बोलतेस छान. पुढच्या बॅचसाठी व्हिडिओ तूच कर." वैभवी कॅमेऱ्यासमोर अशी काही खुलली, की साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि प्रात्यक्षिकाचे पैकीच्या पैकी मार्क देऊन टाकले.

ती घरी आली तेव्हा महादू पाना पुसून तयार होता. आई नारळ घेऊन इंजिनापाशी उभी होती. "चल गो बाय, लाव हात!"

वैभवीने एकदा इंजिनाकडे पाहिलं, एकदा पान्याकडे.



"बाबा, आये, माजं ठरलं! मी इंजिनाची मास्तरीन व्हनार. चालू करायला तेवढं मेकॅनिकला बोलवा."